‘नॉर्मल रेंज’साठी मराठी शब्द : सामान्य मर्यादा की संदर्भ-पल्ला?

रक्ततपासणीच्या अहवालात आकड्याशेजारी जो रकाना छापलेला असतो, त्याला सोलापुरात सर्रास ‘नॉर्मल’ म्हणतात, आणि आकडा त्याबाहेर गेला की ‘रिपोर्ट खराब आला’ असे म्हणून माणूस तिथेच खचतो. ‘नॉर्मल रेंज’साठी ‘सामान्य मर्यादा’ हा जो प्रतिशब्द सुचवला जातो, तो मला त्यामुळेच पटत नाही. मराठीत मर्यादा ओलांडणे म्हणजे काहीतरी वावगे घडणे; हा रकाना मात्र तसे काहीच सांगत नाही.

तो ठरवताना निरोगी व्यक्तींचा एक गट, शिफारशीप्रमाणे किमान १२० जणांचा, निवडतात, त्यांची तपासणी करतात आणि आलेल्या मूल्यांपैकी सर्वांत खालचे अडीच टक्के व सर्वांत वरचे अडीच टक्के वगळून मधले ९५ टक्के पल्ला म्हणून घेतात. म्हणजे दर वीस निरोगी माणसांपैकी एक जण व्याख्येनेच बाहेर राहतो. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच निरोगी व्यक्तीच्या केल्या, तर किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून ‘संदर्भ-पल्ला’ हा शब्द मला योग्य वाटतो, कारण तो वाचताच ‘कोणाच्या संदर्भात?’ हा आवश्यक प्रश्न मनात येतो. वाढत्या वयातील मुलाचे अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडे वाढताना रक्तात जास्त आढळणारे एक एन्झाइम) प्रौढांच्या पल्ल्याशी ताडून पाहिले, तर निरोगी मूलही आजारी ठरेल. पद्धत आणि यंत्र यांनुसारही पल्ला बदलतो. सोलापूरच्या लॅबचा आकडा पुण्याच्या लॅबच्या रकान्याशी जुळवून पाहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

‘मर्यादा’ हा शब्द टाकून द्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के हे आकडे निरोगी गटाच्या टक्केवारीतून आलेले नाहीत. त्यापुढे मधुमेहाचे दुष्परिणाम, विशेषतः डोळ्यांच्या पडद्यावरचे, वाढलेले आढळतात म्हणून ते निदानासाठी ठरवले गेले. त्यांना ‘निर्णय-मर्यादा’ म्हणावे. दोन्ही प्रकारचे आकडे अहवालात एकाच रकान्यात छापले जातात, हे मला फार खटकते.

शिवाय पल्ल्याच्या आत असणे म्हणजे सारे ठीक, असेही नाही. एखाद्या बाईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वर्षानुवर्षे ०.६ मिग्रॅ/डेसिलिटर असून आता ०.९ झाले असेल, तर छापील रकाना काहीच सांगणार नाही. डॉक्टरांना मूत्रपिंडाचा विचार करता येईल, तो जुने अहवाल शेजारी ठेवले तरच.