शब्दचर्चा: ‘समुदाय-आधारित पुनर्वसन’ला मराठीत काय म्हणायचं?

बोरू
पुण्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय. अपंगत्व असलेल्या मुलामाणसांना केंद्रावर बोलवायचं नाही, कार्यकर्त्यांनीच त्यांच्याकडे जायचं, असं यांचं काम आहे. व्यायाम, शाळेत नाव घालणं, दाखले, कामधंदा, सगळं तिथेच. इंग्रजीत याला सीबीआर (कम्युनिटी-बेस्ड रिहॅबिलिटेशन) म्हणतात. कागदोपत्री मराठीत ‘समुदाय-आधारित पुनर्वसन’ किंवा ‘समाजाधारित पुनर्वसन’ असं लिहितात. पत्रक जाणार आहे जनता वसाहतीत आणि मुळशीच्या वाड्यांवर. सुचवा काहीतरी. ‘दिव्यांग की अपंग’ हा वाद इथे नको, तो होणारच हे माहीत असूनही सांगतेय.

मुठाकाठ
‘पुनर्वसन’ पुण्यात चालायचं नाही. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं तेव्हापासून इथे पुनर्वसन म्हणजे पूरग्रस्त. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत अजून त्या सोसायट्या आहेत. धरणांच्या पट्ट्यात गेलात तर पुनर्वसन म्हणजे धरणग्रस्तांची पर्यायी जमीन. आणि शहरातल्या वस्तीत? एसआरए, म्हणजे झोपडीच्या बदल्यात इमारतीत खोली. त्या प्राधिकरणाच्या नावातच ‘झोपडपट्टी पुनर्वसन’ आहे. तुमची कार्यकर्ती दारात उभी राहून “आम्ही पुनर्वसनाचं काम करतो” म्हणाली, की घरातून पहिला प्रश्न येईल, “खोली किती फुटांची देणार?”

रकाना
शिवाय ‘पुनः’चं काय? अपघातात पाय गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं हे पुनर्वसन, कबूल. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी केंद्र आहे, वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, तिथे हा शब्द अगदी नेमका बसतो. पण जे मूल जन्मापासून मान धरत नाही, त्याला पुन्हा कुठे वसवणार? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006च्या करारात म्हणूनच ‘हॅबिलिटेशन’ (मुळात नसलेली क्षमता घडवणं) आणि ‘रिहॅबिलिटेशन’ असे दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत. मराठीत पहिल्याला शब्दच नाही. ‘वसन’ म्हणावं तर ते वस्त्र झालं.

विशेष शिक्षिका
बोरूताई, मी बरीच वर्षं वस्त्यांमध्ये जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘समाजाधारित’ तर मुळीच नको. आपल्याकडे समाज म्हणजे जात. “आमच्या समाजात असं चालत नाही” हे वाक्य कुठल्या अर्थानं येतं ते सगळ्यांना माहीत आहे. “समाजाधारित संस्था” म्हटलं की “कोणत्या समाजाची?” हे ठरलेलं. ‘समुदाय’ निदान निरुपद्रवी आहे, पण तो हिंदीतून आल्यासारखा वाटतो आणि बायका “समूह का?” विचारतात, म्हणजे बचत गट. ‘वस्ती’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. गावाकडे वस्ती म्हणजे शेतातली चार घरं, शहरात वस्ती म्हणजे झोपडपट्टी, आणि दोन्हीकडे आपण जातोच. सोसायट्यांमधल्या लोकांना तो आपल्यासाठी आहे असं वाटत नाही, एवढीच अडचण.

‘शीघ्र हस्तक्षेप’ हा शब्दही पत्रकात असणार, तो आधी काढा. लहानपणीच वाढीतली अडचण ओळखून काम सुरू करायचं, असा त्याचा अर्थ. सरकारी केंद्रांच्या पाट्यांवरही तोच आहे. पण मराठीत हस्तक्षेप करतं ते न्यायालय, नाहीतर आमदार. एका आजोबांनी मला सरळ सांगितलं, “आमच्या घरात कुणाचा हस्तक्षेप नको.” मी तेव्हापासून “लवकर सुरुवात” म्हणते.

प्रत्यक्षात काम कसं चालतं ते पाहा, म्हणजे शब्द आपोआप सुचतील. दहा बाय दहाची खोली. सेरेब्रल पाल्सीचं मूल, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेलं, आडवंच असतं, आई आडवंच भरवते, त्यामुळे ठसका लागतो. आपण खोलीचा कोपरा बघायचा, दोन्ही भिंतींना गोधड्यांच्या गुंडाळ्या लावायच्या, मध्ये त्याला बसवायचं, पुढे पाट उभा करून त्यावर हात टेकवायचे. पाठ सावरली की मान वर येते, मान वर आली की घास नीट गिळला जातो. या सगळ्याला आई काय म्हणते? “ताई बसवायला येतात.” पुनर्वसन नाही, थेरपी नाही. बसवायला.

पेठेतला
अवांतर होईल, पण अपंगत्वाविषयीच्या 1995च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग व्यक्ती’ होतं. डिसेंबर 2015मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ सुचवला. 2016चा नवा कायदा इंग्रजीत मात्र साधं ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’च म्हणतो. त्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, ही खरी मोठी गोष्ट, चर्चा मात्र नावाचीच झाली. आपल्या पुण्यातलं आयुक्तालय पूर्वी ‘अपंग कल्याण’ होतं, आता ‘दिव्यांग कल्याण’. 2022मध्ये राज्यात स्वतंत्र विभाग झाला तोही त्याच नावानं. तेव्हा पत्रकात ‘दिव्यांग’च हवं.

बोरू
नको म्हटलं होतं ना!

एक आई
मी सांगू का? माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. अर्जावर मी ‘दिव्यांग’ लिहिते, कारण अर्ज तसाच छापलेला असतो. घरात आम्ही त्याला त्याच्या नावानं हाक मारतो. दिव्य वगैरे त्याच्यात काही नाही, कपाटातला चिवडा संपवण्याचं कसब सोडलं तर. अपंग म्हटल्याचा मला राग येत नाही, ‘बिचारा’ म्हटल्याचा येतो. काही संघटनांनी ‘दिव्यांग’वर तेव्हाच आक्षेप घेतला होता, तो मला पटतो. पण ‘मतिमंद’ गेला ते बरंच झालं. तो शब्द शाळेच्या मैदानात शिवी झाला होता.

वस्तीत खरा शब्द एकच चालतो, तो म्हणजे ‘टक्के’, अपंगत्वाचे. “तुमच्या पोराचे किती?” “माझ्याचे साठ.” दाखल्यावर चाळीस किंवा जास्त असतील तरच योजना, सवलत, नोकरीतलं आरक्षण. सरकारी मराठीत त्याला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असं भारदस्त नाव आहे. ससून या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत ते कुणी उच्चारत नाही. पत्रकात “40 टक्क्यांचा दाखला मिळवून द्यायला मदत” असं लिहा, लोक फोन करतील.

आणि ‘पालक’ शब्दाचं काहीतरी करा. मुलगा अठराचा झाल्यावर मला सांगण्यात आलं, की तुम्ही आता त्याच्या पालक नाही, पालकत्वासाठी अर्ज करा. मी म्हटलं, मी आई आहे, पालक कशी नाही? 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती अशा सज्ञान मुलांसाठी कायदेशीर पालक नेमते, हे नंतर कळलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठीच ते आहे. मराठीत आईबापही पालक आणि हाही पालक. पत्रकात ‘अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘पालकत्व’ नको. त्यावरून लोकांना बाळंतपणाच्या रजा आठवतात.

मुठाकाठ
पत्रकात ‘केअरगिव्हर’ला काय केलंय? ‘काळजीवाहू’ छापलं असेल तर वाचणाऱ्याला राजीनामा दिलेला मुख्यमंत्री आठवेल.

बोरू
‘काळजीवाहक’ केलं होतं. तेही टपालखात्यातलं वाटतं. “सांभाळणारे” केलं तर?

विशेष शिक्षिका
चालेल. बायका तसंच बोलतात, “याला सांभाळायला कुणी नाही.” आणि त्यांना चार दिवस माहेरी जाता यावं म्हणून तुमची संस्था मुलाला ठेवून घेत असेल, तर त्याला ‘विसावा’ म्हणा. तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त विसावा कोणाला, हे लिहा. मुलाला नाही, आईला.

रकाना
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010च्या मार्गदर्शिकेत सीबीआरचे पाच भाग आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन, सक्षमीकरण. शेवटचा भाग कसा लिहिणार? आता तर बरेच जण सीबीआर सोडून ‘समुदाय-आधारित सर्वसमावेशक विकास’ म्हणतात. त्यात ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी ठेवायचा 5 टक्के निधी मागण्यापासून सगळं येतं.

बोरू
‘सक्षमीकरण’ आणि ‘सर्वसमावेशक’ दोन्ही गाळले. त्या जागी “ग्रामसभेत 5 टक्के निधीची मागणी कशी करायची ते शिकवतो” असं लिहिलं. मथळा असा ठेवतेय: “अपंगत्व असलेल्यांसाठी घरी आणि वस्तीत येऊन मदत”. ‘दिव्यांग’ योजनांच्या आणि अर्जांच्या नावांत राहील, कारण ती नावंच तशी आहेत. ‘सीबीआर’ फक्त शेवटच्या पानावर, देणगीदारांसाठी.

पेठेतला
‘लाभार्थी’पण काढा मग. लोकांच्या हक्काची गोष्ट, त्यांना लाभ कसला?

बोरू
देणगीदारांच्या पानावर तो राहणार. त्यांच्या सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) तक्त्यात तेवढाच रकाना आहे.