वॉश आणि कुकरच्या शिट्ट्या

'घरसंसार सांभाळून रोज सलग दोन तास मिळत नाहीत, म्हणून जलरंग सुटले' असं एका ताईंनी लिहिलंय. सलग वेळ लागतो तो खरं तर फक्त आकाशाच्या मोठ्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाचा सलग ओला थर देण्याला. तो अर्धवट टाकून दार उघडायला गेलं आणि परत येऊन घाईने ओला ब्रश टेकवला, की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. मग कितीही पुसा! माझ्याकडे असे तीन कागद आहेत, तिन्ही दूधवाल्याच्या खात्यावर.

म्हणून वॉश पहाटे साडेपाचला, घर उठायच्या आत. पेन्सिलचं रेखाटन लेकीच्या अभ्यासाशेजारी बसून होतं. फांद्या, विजेच्या तारा, कौलांच्या रेघा अशी कोरड्या कागदावरची कामं केव्हाही. पावसाळ्यात ३०० जीएसएमचा जाड कागद इतका सावकाश वाळतो की तेवढ्यात भाजी चिरून, कुकर लावून होतो. मेमध्ये मात्र ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत कड सुकलेली असते. तेव्हा पाव शीटचा, म्हणजे पूर्ण कागदाच्या चौथ्या भागाचा, हट्ट सोडून त्याच्याही निम्मा कागद घ्या.

आणि ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत काढून वाळू द्या. पाण्याचे दोन थेंब टाकले की पुन्हा जागे होतात. मांडामांडीचा वेळ वाचतो. फक्त ब्रशचं पाणी चहाच्या कपात ठेवू नका. आमच्या ह्यांनी एकदा अल्ट्रामरीन निळ्याचा घोट घेतलाय.