मूळ संख्या ओळखणे: पाचवीच्या मुलीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी शिष्यवृत्तीची तयारी करतेय. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सरावसंचात '221, 391, 397 पैकी मूळ संख्या कोणती?' अशा धर्तीचे प्रश्न भरपूर आहेत. 2, 3, 5, 11 च्या कसोट्या तिला पाठ आहेत, लसावि-मसाविही जमतात. गाडी अडते ती 7, 13, 17 वर.

यासाठी एक युक्ती मिळाली. एककाचा अंक बाजूला काढायचा. 7 साठी त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करायची, 13 साठी चौपट मिळवायची, 17 साठी पाचपट वजा करायची. 391 मध्ये 39 − 5 = 34, म्हणजे 17 ने भाग जातो. (221 ला तर 13 आणि 17 दोन्ही लागतात!) पण ती विचारते, "पाचपटच का?" 51 हा 17 च्या पाढ्यात आहे, त्याचा इथे संबंध आहे, एवढं मला कळतं. बीजगणित न आणता हे कसं सांगायचं?

दुसरं म्हणजे थांबायचं कुठे? 20 × 20 = 400, म्हणून 397 साठी 19 पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. बाईसाहेबांना पटत नाही, त्या निम्म्यापर्यंत भागत बसतात. वर्गमूळ अजून शिकवलेलं नाही.

की युक्त्या सोडून सरळ भागाकारच पक्का करून घ्यावा? शिक्षकांनी जरूर सांगा. 'क्लास लावा' हा सल्ला नको, पुण्यात तो न मागता मिळतो.