निळ्या टोप्यांना टाळं लावायचं?

गिरगावकर: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, ‘संयुक्त राष्ट्रसंघाला टाळं लावा, नागरिकांचं संरक्षण वगैरे सगळं कागदावर.’ वाचून डोकं फिरलं. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात कत्तल सुरू झाली तेव्हा जीव मुठीत धरून आलेल्या हजारोंना राष्ट्रसंघाच्या निळ्या टोप्यांच्या शांतिसेनेने तळांची फाटकं उघडून आत घेतलं. जुबा, बोर, मलाकाल. तिथे कुंपणाआड माणसं वर्षानुवर्षं राहिली. अकोबोच्या तळावर आसरा घेतलेल्यांवर हल्ला झाला, त्यात आपले दोन भारतीय जवान गेले. तेही कागदावरच का?

शिवडीवाला: मीच लिहिलं होतं, अजूनही तेच म्हणतो. जवानांना मध्ये आणू नका. बोस्नियातलं स्रेब्रेनिका १९९३ मध्ये राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरवलं. लोक त्या भरवशावर थांबले. जुलै १९९५ मध्ये शांतिसेनेतल्या डच सैनिकांच्या डोळ्यांदेखत बोस्नियन सर्ब फौजेने बाप्ये आणि पोरं वेगळी काढली. आठ हजारांच्या आसपास मारली.

गिरगावकर: पुरेशी फौज कुणी दिली नाही? सदस्य देशांनीच ना? सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाच देशांकडे आणि शिव्या तंबू ठोकणाऱ्यांना!

चेंबूरकरीण: विस्थापित म्हटलं की परदेशच का आठवतो हो? जलवाहिनीलगतची आमची घरं पाडली आणि माहूलला रिफायनरीशेजारी नेऊन टाकलं. आई संध्याकाळी खिडक्या लावून बसते, तरी वाळत घातलेल्या कपड्यांना तोच वास. लिफ्ट बंद, तिला सातव्या मजल्यावरून दवाखान्यात न्यायचं कसं? आमच्यासाठी कुठली निळी टोपी येणार?

शिवडीवाला: ताई, विषय भरकटवू नका. प्रकल्पग्रस्त वेगळे, युद्धातले वेगळे. तुम्हाला निदान घर तरी मिळालं.

चेंबूरकरीण: ‘निदान’? एक रात्र राहायला या, मग बोला.

वकील, वांद्रे: विषय तोच आहे. देशांतर्गत विस्थापनाची राष्ट्रसंघाची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं काढा. सहाव्या तत्त्वात युद्ध आणि आपत्तीच्या जोडीला मोठे विकासप्रकल्पही आहेत. तसंच निकडीचं सार्वजनिक हित असल्याशिवाय त्यासाठीही कुणाला हुसकावता येत नाही. फक्त ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये कंपालाला त्यावर करार केला. आपण १९५१ च्या निर्वासित करारावरही सही केलेली नाही.

उल्हासनगरकर: सहीवाचून काय अडलं? फाळणीनंतर सिंधी मंडळी इथे लष्करी छावणीत आली. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, एकाच बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार संसार. पण सरकारने जागा दिली, शहर उभं राहिलं.

वकील, वांद्रे: ती सरकारची मर्जी. मर्जी फिरली की माणसाने दाद कुणाकडे मागायची?

शिवडीवाला: बरं, अकोबोचं मानलं. पण लेखी हक्काचं कौतुक सांगू नका. स्रेब्रेनिकाजवळच्या डच तळात आसऱ्याला असलेल्या साडेतीनशे पुरुषांना बाहेर काढलं, त्याबद्दल नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डच सरकारची जबाबदारी ठरवली फक्त १० टक्के!

गिरगावकर: पण स्रेब्रेनिकात मारल्या गेलेल्यांच्या आया-बायकांनी एका देशाला कोर्टात खेचलं. टाळं लावलंत तर तेही गेलं.

चेंबूरकरीण: वकीलसाहेब, ते सहावं तत्त्व मराठीत टाका ना इथे. रविवारी इमारतीत बैठक आहे, प्रती काढून वाटते.