आजी ख्रिस्ती नव्हती, मग तिला तारण नाही का?

वेंगुर्लेकर: आम्ही कॅथलिक, पण आईची आई शेवटपर्यंत हिंदू, रोज तुळशीला पाणी घालायची आणि नाताळात आमच्याकडे येऊन नेवऱ्या तळायची. हल्ली एका प्रार्थनासभेत जातो तिथे सांगतात येशूवर विश्वास नाही तर तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही, कर्म कितीही चांगलं असो. तेव्हापासून झोप लागत नाही. खरंच असं आहे का?

रेवदंडा_कर: अगदीच हवेतलं नाही ते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल स्पष्ट लिहितो, तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन ल्यूथर, त्याचा सगळा झगडा यावरच. माणूस स्वतःच्या जोरावर पापातून सुटत नाही, मग तो कितीही भला असो. पण तुमची आजी कुठेय हे ठरवायचा हक्क देवाचा, सभेतल्या कोणाचा नाही.

मालवणचो: अरे वेंगुर्लेकर, पण तू कॅथलिक ना, मग आपली चर्च काय म्हणते ते बघ की. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच सांगितलंय, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला धरून जगतात त्यांनाही तारण मिळू शकतं. २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना असते, आजीचं नाव घे बिनधास्त.

वेंगुर्लेकर: पण तिला ओळख होती ना, आमच्याबरोबर चर्चमध्ये मिसाला (उपासनेला) पण यायची.

मालवणचो: नुसतं कानावर पडणं म्हणजे मनाला पटणं नव्हे रे. आणि अनंतकाळ देवाच्या सहवासासाठी आहे, पास-नापासचा निकाल लावायला नाही, असं मी तरी मानतो.

रेवदंडा_कर: सहवास मान्य, पण न्याय आहेच, तो वगळून चालत नाही.