हॉटेल म्हणजे राहायची जागा? मग आपण इतकी वर्षं जेवलो कुठे?

मिसळपंथी: काल एका साहेबांनी लिहिलं की खायच्या जागेला ‘हॉटेल’ म्हणणारे मराठी लोक अडाणी, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा. वाचून डोकंच फिरलं. अहो, हॉटेलचा फ्रेंच उच्चार ओतेल, आणि पॅरिसात ‘ओतेल द विल’ म्हणजे महापालिका, नोत्र दामशेजारचं ‘ओतेल दिय’ म्हणजे हॉस्पिटल, चौदाव्या लुईने १६७० साली जायबंदी सैनिकांसाठी काढलं तेही ओतेलच आणि बड्या लोकांचा शहरातला वाडा तोही ओतेल. मूळ लॅटिन, पाहुण्यांची सोय बघायची जागा, हॉस्पिटल आणि हॉस्टेल त्याचेच भाऊबंद, फ्रेंचांनी मधला ‘स’ गिळला आणि ‘ओ’ला टोपी (ô) घातली. त्यांनी वाड्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं एका शब्दात कोंबलं तर चालतं, आपण इडली-सांबार घातलं की अडाणी?

जर्सीकर: ते पॅरिस राहू दे. मी इथे अमेरिकेत नवीन असताना ऑफिसात सांगायचो, दर शनिवारी बायकोला घेऊन हॉटेलात जातो. महिनाभर लोक गालातल्या गालात हसत होते. सरळ रेस्टॉरंट म्हणा ना, काय बिघडतं?

मिसळपंथी: रेस्टॉरंट म्हणजे काय माहितीये का? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला तरतरी आणायला द्यायचे तो मांसाचा रस्सा. मग तुम्हीही जाऊ नका, आजारी नसाल तर.

ऱ्हस्वदीर्घ: दोघंही परक्याच्या दारात भांडताय. आपला उपाहारगृह आहे की. आणि कृपया उपाहार, उप अधिक आहार. एसटी स्टँडावर ‘उपहारगृह’ वाचलं की माझा चहा कडू होतो, उपहार म्हणजे भेटवस्तू!!

खमंग_काकू: तिथे कांदाभजीच मिळते हो, कोणी गिफ्ट पॅक मागत नाही. आणि भेटीला उपहार हिंदीवाले म्हणतात, आपल्यात आहेर असतो.

ऱ्हस्वदीर्घ: संस्कृतातही उपहार म्हणजे भेटच. याच ढिलाईने भाषा मेली. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर ‘सुचना’ आहे, तीनदा अर्ज दिला, सेक्रेटरी म्हणतो कळतंय ना!

खमंग_काकू: बरोबर बोलतो तो.

ऱ्हस्वदीर्घ: तुमच्यासारख्यांमुळेच हे दिवस आलेत.

जर्सीकर: अरे काना सोडा, विषय हॉटेल होता. इतकंच मान्य करतो की आपल्याकडे मुक्कामाला लॉज हा शब्द आधीच होता, त्यामुळे गावात घोळ होत नाही. पण मुलाखतीत, व्हिसाच्या रांगेत होतो.

मिसळपंथी: वा, उपकार झाले. व्हिसाच्या रांगेत रेस्टॉरंट म्हणेन. चौकातल्या कामतांकडे मात्र हॉटेलातच जाणार.

ऱ्हस्वदीर्घ: कामतांच्या पाटीवरसुद्धा ‘शुध्द शाकाहारी’ आहे. आधी ध मग द, हवं उलटं. बघा जाऊन.