मदत हवी आहे : ‘सर्वांत कमी दर’ या एकाच निकषावर चालणारी आमची खरेदी-पद्धत कशी बदलावी?

नमस्कार.

मी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात खरेदी विभागाचे काम पाहतो. आम्ही पोलादी सांगाडे व फॅब्रिकेशनचे भाग तयार करतो. उद्यम नोंदणीनुसार (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आमची कंपनी ‘मध्यम’ गटात मोडते आणि आमचे मुख्य ग्राहक मोठ्या सूचीबद्ध कंपन्या आहेत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा पर्यावरण व सामाजिक जबाबदारीविषयीचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला आणि पुढे पहिल्या २५० कंपन्यांच्या बाबतीत पुरवठा साखळीची माहितीही ऐच्छिक स्वरूपात त्यात आणली. ज्या पुरवठादाराचा वाटा अशा कंपनीच्या एकूण खरेदीत २ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तो या माहितीच्या कक्षेत येतो. एका ग्राहकाच्या बाबतीत आम्ही त्यात बसतो, त्यामुळे त्यांच्याकडून पाणी, वीज, घातक कचरा, ठेका कामगारांचे वेतन, अपघात अशा विषयांवरची सविस्तर प्रश्नावली आमच्याकडे आली आहे.

आमच्या व्यवस्थापनाचा विचार असा आहे की हीच प्रश्नावली आपल्या सर्व पुरवठादारांकडे पाठवावी, सही-शिक्क्यासह परत मागवावी आणि फाइल बंद करावी. कागद येतील, यात मला शंका नाही. परंतु माझी ठाम समजूत अशी झाली आहे की पुरवठादाराच्या कारखान्यात जे चुकते, त्यातील बराचसा भाग आमच्या खरेदीच्या अटींतूनच निर्माण होतो, आणि त्या अटी तशाच ठेवून त्याच्याकडून नीतिमत्तेचे प्रतिज्ञापत्र घेणे मला योग्य वाटत नाही.

गॅल्वनायझिंगचे जॉब वर्क घ्या. जस्ताचा थर देण्यापूर्वी लोखंड आम्लात धुतले जाते. वापरून झालेले आम्ल आणि त्याचा गाळ हा घातक कचरा असून तो अधिकृत प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे. असे केंद्र बुटीबोरीतच आहे, म्हणजे सोय नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पण तिचा खर्च किलोमागे दरात धरावा लागतो. दर वर्षी आम्ही तीन दरपत्रके मागवतो आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर देतो. जो हा खर्च प्रामाणिकपणे धरतो तो दुसऱ्या क्रमांकावर जातो, आणि जो धरत नाही त्याचे आम्ल पावसाळ्यात नाल्यावाटे वेणा नदीकडे जाण्याची भीती उरते. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा कन्हान नदीच्या पाण्याबद्दल सगळे नागपूर चिंतेत पडले होते. लहान कारखान्यातून रोज थोडे थोडे जाणारे आम्ल बातमीत येत नाही, एवढाच फरक आहे.

देयकांचा प्रश्न याहून अवघड आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असे २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ बी (एच)) अशा थकलेल्या रकमेची वजावटही ती प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. तरीही आमच्याकडे प्रत्यक्षात ९० दिवस लागतात, आणि ऑर्डर जाईल या भीतीने लहान पुरवठादार आपला उद्यम क्रमांक बिलावर टाकायलाही कचरतात. ज्याचे तीन महिन्यांचे पैसे आमच्याकडे अडकले आहेत, त्याने आपल्या कामगारांचा पगार सात तारखेला कुठून करावा? वित्त विभागाचे उत्तर असे की आपला ग्राहकही आपल्याला ९० दिवसांनीच पैसे देतो, आणि मध्यम उद्योगाला ४५ दिवसांचे संरक्षण नाही. हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच मला मार्ग सापडत नाही.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. दराबरोबर पर्यावरण, कामगार आणि वेळेवर पुरवठा यांना गुण देऊन तुलना करावी का, आणि करायची तर प्रमाण काय ठेवावे? देयकांची साखळी आमच्यासारख्या मधल्या कंपनीने कुठून सोडवायला सुरुवात करावी? आणि महत्त्वाच्या कामांसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याचा धोका, दर न वाढवता, कसा कमी करावा? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पूर आला तेव्हा आमचे पावडर कोटिंगचे (रंगाची पूड भट्टीत भाजून थर देण्याचे) काम एकाच ठिकाणी होते आणि तेथील भट्टी पाण्याखाली गेल्याने आमची पूर्ण लाइन थांबली होती.

प्रतिसाद

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतील एका कंपनीत बरीच वर्षे खरेदी विभागात आहे. गुणांच्या पद्धतीबद्दल सावध राहावे, असे माझे मत आहे. दराला ७० आणि पर्यावरणाला १५ गुण दिले, तर पुरेसा कमी दर देणारा पुरवठादार पर्यावरणात शून्य मिळवूनही पहिला येतो. घातक कचऱ्याची विल्हेवाट, किमान वेतन आणि बालमजुरी नसणे या गोष्टी गुणांच्या नाहीत, प्रवेशाच्या अटी आहेत. त्या पूर्ण झाल्यावरच दराचे पाकीट उघडावे. गुण द्यायचेच तर वेळेवर पुरवठा आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण यांना द्यावेत.

प्रतिज्ञापत्राऐवजी हिशेब मागावा. गॅल्वनायझरकडून घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टच्या (कचरा नेताना सोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या) वर्षभराच्या प्रती घ्या आणि त्याने केलेल्या कामाच्या टनांशी गाळाचे वजन ताडून पाहा. काम दुप्पट झाले आणि गाळ तेवढाच राहिला, तर प्रश्न विचारायला जागा आहे. ठेका कामगारांच्या निविदेत स्वतःच तळाचा दर काढा : किमान वेतन, त्यावर नियोक्त्याचा भविष्य निर्वाह निधी प्रशासकीय व विमा आकारासह १३ टक्के, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के, शिवाय रजा व गणवेश. याखाली आलेला दर स्वीकारणे म्हणजे कोणाचा तरी पगार कापला जाणार हे आधीच मान्य करणे होय, आणि ठेकेदाराने वेतन बुडवल्यास मुख्य नियोक्ता म्हणून ते आपल्यालाच द्यावे लागते. आमच्या संचालकांना माझे म्हणणे या आकडेमोडीमुळे पटले, आवाहनांमुळे नव्हे.

देयकांसाठी ‘ट्रेड्स’ पाहावे, म्हणजे लहान व मध्यम उद्योगांची बिले बँकांकडून मुदतीआधी वटवून देणारे ऑनलाइन व्यासपीठ. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची आहे. मध्यम उद्योगही विक्रेता म्हणून येऊ शकतो, त्यामुळे आपल्या ग्राहकाला आपली बिले तेथे स्वीकारण्याची लेखी विनंती करा. ग्राहकाने बिल मान्य केले की बँक आपल्याला लगेच पैसे देते आणि ग्राहकाने पैसे बुडवले तरी ती आपल्याकडे वसुलीला येत नाही. नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल स्वीकारणे खरेदीदाराच्या हातात राहते, म्हणून त्यांच्या प्रश्नावलीच्या उत्तरातच ही मागणी नोंदवा. त्यांना आपल्याकडून माहिती हवी आहे, तेव्हा आपले ऐकले जाण्याची हीच वेळ आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

मनःपूर्वक आभार. प्रवेशाची अट आणि गुण यांतील भेद मला आजवर कोणी इतका स्पष्ट करून सांगितला नव्हता. तळाच्या दराचा तक्ता मी याच आठवड्यात सुरक्षारक्षक व हाउसकीपिंगच्या ठेक्यांसाठी तयार करतो. त्या दोन्हींचे नूतनीकरण जवळ आले आहे. ग्राहकाला ‘ट्रेड्स’विषयीचे पत्र वित्त विभागाच्या सहीनेच जावे, असा प्रयत्न करीन.

एक शंका उरते. पावडर कोटिंगसाठी दुसरा पुरवठादार कळमेश्वरला मिळण्यासारखा आहे, पण त्याला वर्षाला निश्चित काम दिल्याशिवाय तो आमच्या रंगछटांचा साठा ठेवायला तयार नाही. ७० आणि ३० टक्के अशी विभागणी करून दोघांशी दोन वर्षांचा दरकरार केल्यास पहिल्या पुरवठादाराचा दर वाढेल का, आणि कराराच्या काळात पावडरची किंमत बदलल्यास दर कोणत्या सूत्राने बदलावा? ज्यांनी असा करार प्रत्यक्ष चालवला आहे, त्यांनी त्यातील किंमत-बदलाच्या कलमाची भाषा येथे दिल्यास मोठी मदत होईल.